दादा, नवीन काय ऐकू?

पी.एल. चालू असताना रात्री अडीच वाजता रूमचं दार वाजलं, तर कारणं साधारण तीनच असतात. मॅगी, चार्जर, नाहीतर गेल्या पाच वर्षांचे पेपर. त्या रात्री मात्र चौथंच निघालं. दारात सेकंड इयरचं एक पोरगं उभं. "दादा, तू ते किंचाळणारं म्युझिक ऐकतोस ना? मेटालिका, मेगाडेथ, स्लिपनॉट, माझं सगळं ऐकून झालं. आता नवीन काय ऐकू? कोणाला माहीत नसलेलं काहीतरी सांग ना."

माझ्यासमोर हीट ट्रान्सफर उघडं पडलेलं. मी म्हटलं, "थांब, लिंक टाकतो." ॲपमधली दोनशे गाण्यांची तयार प्लेलिस्ट त्याला पाठवली आणि दार लावलं. सगळा कार्यक्रम अर्ध्या मिनिटात आटोपला.

आठवड्याभरानं मेसच्या रांगेत तो भेटला. विचारलं, काय रे, ऐकलंस का? "लावलं होतं दादा. असाइनमेंट उतरवताना मागे चालू होतं. खरं सांगू? सगळं सारखंच वाटलं."

सगळं सारखंच वाटलं! हेच वाक्य आमच्या रेक्टर सरांनीही मला ऐकवलंय (कुकरची शिट्टी आणि तुझी गाणी, मला दोन्ही सारखीच). पण त्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही. या पोराचं घेतलं. कारण चूक त्याची नव्हती, माझी होती.

तर मंडळी, मुद्दा असा की जगाच्या कानाकोपऱ्यातले मेटल बँड शोधायचे असतील तर ते माणसांच्या मागोमाग जाऊन शोधावे लागतात. मशीननं ताटात वाढून दिलेली यादी म्हणजे शोध नव्हे. 'हा म्हातारा झाला, जुन्या काळाचे गोडवे गातोय' असं ज्यांना वाटेल त्यांना सांगतो, मी बाविसाचा आहे आणि कॅसेट मी फक्त मामाच्या घरी माळ्यावर बघितलीय.

फर्स्ट इयरला असताना मीही असाच एका सीनियरकडे गेलो होतो. त्याच्याकडे एक हार्ड डिस्क होती, पाचशे जीबीची, चिकटपट्टीनं बांधलेली. त्यालाही ती त्याच्या सीनियरकडून मिळाली होती, त्याला त्याच्या. आतल्या काही फाइल्सवर २००९ ची तारीख होती. गंमत म्हणजे त्यातले फोल्डर बँडच्या नावानं नव्हते, देशांच्या नावानं होते. ब्राझील, हंगेरी, जपान, सिंगापूर, बोत्सवाना! मला तर बोत्सवाना नकाशात नक्की कुठे हेही धड सांगता आलं नसतं. मी पेन ड्राइव्ह पुढे केला. दादा म्हणाला, "ठेव तो खिशात. बस इथे." आणि दोन तासांत त्यानं मला मोजून तीन गाणी ऐकवली. बाकी वेळ तो नुसता बोलत होता.

त्यानं सुरुवात केली सेपल्चुरापासून, कारण ते नाव मला माहीत होतं. १९८४ मध्ये बेलो होरिझोन्ती या ब्राझीलमधल्या शहरात दोन भावांनी काढलेला बँड. दादानं विचारलं, यांच्यात आधी गायचं कोण? मी म्हटलं, मॅक्स कॅव्हलेरा, दुसरं कोण? तर नाही. त्याच्याआधी वाग्नर नावाचा एक जण होता. तो पहिल्या रेकॉर्डच्या आधीच बाहेर पडला आणि त्याचा नवा बँड झाला सार्कोफागो. १९८७ मध्ये त्यांचा 'आय.एन.आर.आय.' हा अल्बम आला. कव्हरवर चौघं कबरस्तानात उभे, अंगावर खिळे आणि गोळ्यांचे पट्टे. पुढे नॉर्वेतल्या बँडमुळे जो अवतार जगभर गाजला तो इथे ब्राझीलमध्ये आधीच दिसतो. अल्बम काढला कोणी? कोगुमेलो या रेकॉर्डच्या दुकानानं. दुकानात येणाऱ्या पोरांचे बँड तयार झाले, तेव्हा दुकानदारच त्यांचा प्रकाशक झाला. सेपल्चुराची पहिली रेकॉर्डही, १९८५ ची, त्यांचीच. तीही अर्धीच हो, दुसऱ्या बाजूला ओव्हरडोस नावाचा गावातलाच दुसरा बँड होता.

बघा, एका माहीत असलेल्या नावावरून एक माणूस, माणसावरून दुसरा बँड, बँडवरून एक दुकान आणि दुकानावरून अख्खं गाव. (तो वाग्नर पुढे विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. स्टाफ रूममधल्या मंडळींकडे तेव्हापासून मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो.)

आता सार्कोफागो ऐकल्यावर मला ते 'सारखं' का वाटलं नाही? रेकॉर्डिंग तर भयानक आहे. ड्रम्स म्हणजे पत्र्यावर गारा. पण ही पोरं कोण, कुठली, कोणाशी भांडून वेगळी झाली हे माहीत होतं म्हणून कान टवकारलेले होते. दोनशे अनोळखी माणसं एकदम समोरून गेली की सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. ॲडमिशनच्या दिवशी आपल्याला सगळ्यांना तेच झालं होतं की नाही?

ही माणसामागून माणसाकडे जायची रीत काही आमच्या दादानं शोधलेली नाही. अंडरग्राउंड मेटल जन्मलंच मुळी तसं. १९८२ मध्ये मेटालिकाचा एकही अल्बम आलेला नव्हता, पण 'नो लाइफ टिल लेदर' नावाची त्यांची डेमो कॅसेट हातोहात कॉपी होऊन कुठच्या कुठे पोचली होती. याला टेप ट्रेडिंग म्हणायचे. तुम्ही तुमच्याजवळच्या कॅसेटची यादी हातानं लिहून परदेशातल्या कुणाला तरी पाठवायची, तो त्याची पाठवणार, मग अदलाबदल. पाकिटात इतर बँडच्या छोट्या जाहिराती कोंबलेल्या, त्यावर पत्ते. त्या पत्त्यांवर पुन्हा पत्रं. पैसे तर कुणाकडेच नसत, म्हणून पोस्टाच्या तिकिटांवर गोंद नाहीतर साबण चोपडायचा, म्हणजे शिक्का धुऊन काढून तेच तिकीट परत वापरता येतं. पत्रात खाली लिहायचे, माझी तिकिटं परत पाठव! (पोस्ट खात्याची ही फसवणूक होती हे मान्य. पण जुगाड आपल्यालाच जमतो असं समजू नये.) कॉपीची कॉपी, तिची कॉपी, दर वेळी खरखर वाढत जायची. सिग्नल टू नॉइज रेशोचं काय होत असेल ते इ. अँड टी.सी.वाल्यांना सांगायला नको.

या खरखरीतून काय काय झालं याचं हंगेरीच्या फोल्डरमधलं उदाहरण मला फार आवडतं. टॉर्मेंटर नावाच्या बँडनं १९८८ मध्ये 'अ‍ॅनो डॉमिनी' रेकॉर्ड केला. तेव्हा तिकडे कम्युनिस्ट राजवट. अल्बम अधिकृतपणे बाहेर यायला १९९५ उजाडलं. मधली सात वर्षं तो फक्त कॅसेटवरून कॅसेटवर फिरत राहिला. फिरत फिरत नॉर्वेला मेहेम बँडकडे पोचला. त्यांना नवा गायक हवा होता. त्यांनी थेट हंगेरीतून अत्तिला चिहारला बोलावलं आणि १९९४ च्या त्यांच्या गाजलेल्या अल्बमवर त्याचा तो चमत्कारिक, घशात मंत्र घोळवल्यासारखा आवाज आला. म्हणजे स्वतःचा अल्बम दुकानात यायच्या आधीच त्या अल्बमच्या जोरावर माणूस दुसऱ्या देशातल्या बँडमध्ये! आपल्याकडे प्लेसमेंटला असं काही होत नाही.

त्याच मेहेमचा गिटारिस्ट युरोनिमस ओस्लोत एक दुकान आणि एक छोटं लेबल चालवायचा. त्याचा टोकियोतल्या साय या बँडशी पत्रव्यवहार. जपानी पोरांचा पहिला अल्बम 'स्कॉर्न डिफीट' १९९३ मध्ये त्याच्या लेबलवर निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोनिमसचा खून झाला. नॉर्वेतले ते खून आणि जाळलेली चर्चेस यावर जगभर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. पण पत्रं लिहून टोकियोतला बँड शोधणारा माणूस त्या मसालेदार बातम्यांत हरवून जातो, एवढं मात्र म्हणतो.

आता याच गोष्टीचं पुढचं टोक बघा. २०२१ मध्ये ओस्लोतल्याच डिस्कॉर्ड या बँडचा 'डीजनरेशन्स' नावाचा अल्बम आला. डेथ मेटल, पण असं वाकडंतिकडं की पहिल्यांदा ऐकताना फाइल खराब आहे असं वाटावं. तो काढला कोणी? ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी या लेबलनं. आणि हे लेबल कुठलं? मुंबईचं! ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा डिप्रॅव्हिटी घ्या, त्यांचा २०१८ चा पहिला अल्बमही यांचाच. १९९३ ला टोकियोचा बँड ओस्लोतून निघत होता, आज ओस्लोचा मुंबईतून निघतो, आणि आपण इथे लोकलच्या अंतरावर बसून 'इंडियात मेटलचं काही नाही यार' म्हणत उसासे टाकतो. मुंबईचाच डेमॉनिक रिझरेक्शन २००० सालापासून आहे. त्यांच्या २०१७ च्या 'दशावतार' अल्बममधली गाणी मत्स्य, कूर्म, वराह अशी सुरू होतात. किती जणांनी ऐकलाय? हात वर करा. मीही थर्ड इयरला ऐकला, तोही एका जर्मन मुलानं मला विचारलं म्हणून. लाज वाटली.

सिंगापूरच्या फोल्डरमध्ये रुद्र होता. १९९२ पासूनचा बँड, भारतीय वंशाच्या मुलांचा. डेथ मेटल आणि वर संस्कृत आणि वेदान्त. २००५ च्या 'ब्रह्मविद्या' पासून तर त्यांनी एकाच विषयावर तीन अल्बम केले. माझा रूममेट मेटलला सरसकट ट्रॅक्टर म्हणतो. तो हे ऐकून अंथरुणात उठून बसला. म्हणाला, "हे आमच्या आजोबांसारखं चाललंय, पण ट्रॅक्टरवर." यापेक्षा चांगलं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

आणि बोत्सवाना. तिथले व्रस्ट, स्किनफ्लिंट, ओव्हरथ्रस्ट. ओव्हरथ्रस्ट तर कलहारी वाळवंटातल्या गांझी नावाच्या गावचे. गुराढोरांचा देश, त्यामुळे तिथली मेटलची पोरं काउबॉय हॅट, चामड्याची जाकिटं, बूट, झालरी अशा थाटात फिरतात, भर उन्हात. फ्रँक मार्शल या दक्षिण आफ्रिकन छायाचित्रकारानं त्यांचे फोटो काढले आणि जगानं फोटोच बघितले. गाणी फार कमी लोकांनी ऐकली. स्किनफ्लिंटची गाणी आफ्रिकेतल्या जुन्या दंतकथांवर आहेत, आवाज साधा, सरळ, जुन्या वळणाच्या हेवी मेटलचा. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत काळा टी-शर्ट घालून लेक्चरला जाणाऱ्या आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या पोरांना हे लोक सख्खे वाटावेत.

आता ॲपबद्दल. मी ॲप वापरत नाही असं नाही. रोज वापरतो. पण ते चालतं कसं हे कॉम्प्युटरवाल्यांना माहीत आहे. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी ते ऐकलं, म्हणून तुलाही ते आवडेल. ज्या गाण्याला ऐकणारेच नाहीत त्याचा डेटाच नाही, आणि डेटा नाही म्हणून ते कुणाला सुचवलं जात नाही. पुस्तकात याला कोल्ड स्टार्ट प्रॉब्लेम म्हणतात, पाच मार्कांना येतो. अंडरग्राउंड म्हणजे जन्मभराचा कोल्ड स्टार्ट! त्यात २०२४ पासून स्पॉटिफायनं नियमच केला की आधीच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसे मिळणार नाहीत. गांझीतल्या बँडनं हजार आणायचे कुठून? यंत्र तुम्हाला तुमचीच आवड थोडी घासूनपुसून परत करतं. फार तर शेजारच्या गल्लीत नेतं. बेलो होरिझोन्तीला नेत नाही.

पण यंत्राला शिव्या घालून मी सुटलो असं होत नाही. सेकंड इयरला दादा पास आऊट होताना डिस्क माझ्याकडे आली. मी काय केलं? पहिल्याच रात्री सत्तर जीबी लॅपटॉपवर ओढून घेतलं. केवढा आनंद! त्यातलं आजपर्यंत किती ऐकलं? फार तर सहा जीबी. वर्षभर मी "माझ्याकडे सत्तर जीबी अंडरग्राउंड आहे" असं सांगत फिरलो. म्हणजे दादानं जे दोन तासांत तीन गाण्यांनी दिलं ते मी सत्तर जीबीत हरवलं. त्या पोराला दोनशे गाण्यांची लिंक मारली ती याच सवयीनं. आणि हो, त्यातलं सगळं फुकट. ज्या बँडचा ड्रमर दिवसा नोकरी करून रात्री प्रॅक्टिसचं भाडं भरतो, त्याचा अल्बम मी एक पैसा न देता साठवून ठेवलाय, तोही न ऐकता.

"दादा, आपल्याकडे डॉलर कुठून येणार?" बरोबर आहे. पाच डॉलर म्हणजे चारशेच्या वर रुपये, म्हणजे कॅन्टीनचा आठवडा. म्हणून मी असं ठरवलंय की सेमिस्टरला एक. फक्त एक अल्बम विकत. बँडकॅम्पवर घेतला तर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते ठेवतात, बाकी बराचसा पैसा बँडकडे किंवा लेबलकडे जातो. ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्डची सीडी मागवली. सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप अख्ख्या मजल्यावर एकाच्याही जवळ नाही. तरी घेतली. आतल्या पानावर बँडनं कोणाकोणाचे आभार मानलेत ती यादी मात्र चष्मा लावून वाचली. शोधायचं असेल तर याहून चांगलं पान नाही. ज्यांचे आभार मानलेत ते बँड ऐका. फोटोत बेसिस्टनं कोणाचा टी-शर्ट घातलाय तो बघा. ड्रमर आणखी कुठल्या बँडमध्ये वाजवतो ते बघा. एन्सायक्लोपीडिया मेटॅलममध्ये दीड लाखाच्या वर बँड नोंदवलेत, कुठल्या देशातले, कोण कोण वाजवतं, तो माणूस आधी कुठे होता, सगळं. तिथे देश निवडायचा आणि घुसायचं.

एक मात्र सांगायलाच हवं. अंडरग्राउंड आहे म्हणून ते आपोआप भारी, असं काही नाही. बरंचसं नुसतं वाईट असतं. आणि काही बँड उघड वंशद्वेषी, नाझी विचारांचे आहेत. 'कोणाला माहीत नसलेलं' शोधायच्या नादात त्यांचा टी-शर्ट घालून फिरू नका. गाण्याचे शब्द वाचा, मुलाखती वाचा. आपल्यासारख्या काळ्यासावळ्या पोरांबद्दल ते काय म्हणतात ते बघा आणि मग ठरवा. इथेही यंत्र मदत करत नाही, माणूसच सांगतो, "अरे, तो नको."

आणि उलट बाजूही आहे. २००३ मध्ये कॅसाब्लांकात मेटल वाजवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या १४ तरुणांना सैतानपूजेच्या नावाखाली शिक्षा झाली. पुरावा म्हणून कोर्टात काळे टी-शर्ट आणि सीडी! अपिलात बहुतेक सुटले. २०१५ मध्ये इराणच्या कन्फेस बँडमधल्या दोघांना अटक झाली, शेवटी त्यांना देश सोडून नॉर्वेला जावं लागलं. हे गाणं कोणीतरी अंगावर केस घेऊन केलंय हे माहीत असलं, की ते असाइनमेंट उतरवताना मागे लावून ठेवता येत नाही.

आता थोडं स्टाफसाठी. सर, मॅडम, तुम्ही इथपर्यंत वाचलंत त्याबद्दल आभार. इंडोनेशियात पश्चिम जावाला गारुत नावाचा भाग आहे. तिथल्या शाळेतल्या तीन हिजाबवाल्या मुली २०१४ पासून मेटल वाजवतात. बँडचं नाव व्हॉइस ऑफ बाचेप्रोत. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानीज भाषेत कलकलाट, म्हणजे रेक्टर सरांचंच मत त्यांनी नाव म्हणून लावून टाकलं. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या, तिथे वाजवणारा इंडोनेशियाचा पहिला बँड. आता त्या काही अंडरग्राउंड राहिल्या नाहीत. पण सुरुवात कुठून झाली? शाळेतल्या समुपदेशक सरांच्या लॅपटॉपवर त्यांना सिस्टम ऑफ अ डाउनची गाणी सापडली. सरांनी लॅपटॉप झटकन बंद केला नाही. वाजवायला शिकवलं.

सर, तुमच्या लॅपटॉपवर काय आहे? आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक सर आहेत, नाव सांगत नाही, त्यांच्या केबिनमध्ये कप्प्यात मागे आयर्न मेडनच्या २००७ च्या बंगळूरच्या शोचं तिकीट फ्रेम करून ठेवलंय. चार वर्षं मी त्यांच्याकडे जर्नलवर सही घ्यायला जातोय आणि मला हे फेब्रुवारीत कळलं.

परवा मी त्या सेकंड इयरच्या पोराच्या रूमवर गेलो. या वेळी दार मी वाजवलं. लिंकबद्दल सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे रे दादा, पण तू सबमिशन सोडून आलायस का?" हो, सोडून आलो होतो. एकच गाणं लावलं, सार्कोफागोचं. बोललो मात्र तासभर. त्याला आवडलं का? नाही आवडलं. म्हणाला, रेकॉर्डिंग फारच घाण आहे. पण मग विचारलं, "या कोगुमेलोवाल्यांनी अजून कोण कोण काढले?" आणि वही ओढली.

डिस्क सध्या माझ्याकडेच आहे, सी विंग, दुसरा मजला, जिन्यासमोरची रूम. जूनमध्ये मी जाणार, त्याआधी ती कुणाला तरी द्यायचीय. ज्याला हवी त्यानं यावं. पेन ड्राइव्ह आणू नये, अख्खी कॉपी मिळणार नाही. एका वेळी एक अल्बम, आणि तो परत द्यायला येताना मला माहीत नसलेलं एक नाव आणायचं, कुठल्याही देशातलं. सोमवारी सबमिशन आहे, मंगळवारनंतर या. हेडफोनचा डावा कान जातो, स्वतःचा आणलात तर बरं.